मातीची माणसे आणि राजाची कबर



नोव्हेंबर महिना ख्रिस्तसभेने मृतांसाठी राखून ठेवला आहे. दोन तारखेला आपण कबरस्तानात जातो. आदल्या दिवसांत गवत काढलेले असते, क्रूसांना चुना मारलेला असतो, झेंडूच्या माळा आणि मेणबत्त्यांची पाकिटे घेऊन कुटुंबेच्या कुटुंबे येतात आणि फादर एकेका कबरीवर पवित्र जल शिंपडत पुढे जातात. या महिन्यात मरण आणि कबर याविषयी काहीतरी लिहायचे, असा आमचा परिपाठ आहे. यंदा जरा लांबचा विषय घेतला आहे. जपानमध्ये दीड हजार वर्षांपूर्वी राजेरजवाड्यांच्या कबरींवर मातीच्या भाजलेल्या आकृती उभ्या करीत. त्यांना 'हानिवा' म्हणतात. या आकृती कशासाठी होत्या, आणि त्यांच्याविषयी जपानी लोकांनी सांगितलेली गोष्ट आपल्या काळजाला का भिडते, ते पाहू या.

जपान आपल्याला तसा परका नाही. संत फ्रान्सिस झेवियर गोव्याहूनच निघाले आणि १५ ऑगस्ट १५४९ रोजी कागोशिमा बंदरात उतरले. वसईचे सुपुत्र संत गोन्सालो गार्सिया यांनी ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीच्या टेकडीवर क्रुसावर प्राण दिला. आपली गोष्ट मात्र या दोघांच्याही हजारभर वर्षे आधीची, जपानात ख्रिस्ताचे नावही पोहोचले नव्हते तेव्हाची आहे.

'निहोन शोकी' हा जपानचा जुना इतिहासग्रंथ इसवी सन ७२० मध्ये पूर्ण झाला. त्यात सुइनिन नावाच्या सम्राटाची कथा आहे. सम्राटाचा भाऊ वारला. त्या काळच्या रीतीप्रमाणे त्याच्या खास सेवकांना त्याच्या कबरीभोवती उभे करून जिवंत पुरण्यात आले. ते लगेच मेले नाहीत. कित्येक दिवस, रात्रंदिवस त्यांचे रडणे ऐकू येत होते. मग ते मेले आणि कुत्री-कावळे जमा झाले. ते रडणे सम्राटाच्या कानी गेले आणि त्याचे मन कळवळले. ज्यांच्यावर धन्याने जिवंतपणी माया केली त्यांनाच मरणानंतर आपल्यामागे ओढायचे, ही रीत जुनी असली तरी वाईट आहे, आणि वाईट असेल तर ती पाळायची कशाला, असे तो म्हणाला.

चार वर्षांनी सम्राज्ञी हिबासुहिमे वारली. आता काय करायचे, असे सम्राटाने दरबारात विचारले. तेव्हा नोमी नो सुकुने नावाचा सरदार पुढे आला. हा इझुमो प्रांताचा. जपानी लोक त्याला सुमो कुस्तीचा मूळ पुरुषही मानतात, म्हणजे अंगापिंडाने धिप्पाड गडी असणार. त्याने आपल्या प्रांतातून शंभर कुंभार बोलावले. स्वतः उभे राहून मातीची माणसे, मातीचे घोडे आणि इतर वस्तू घडवून घेतल्या, आणि येथून पुढे जिवंत माणसांच्या जागी कबरीवर याच उभ्या कराव्यात, असे सम्राटाला विनवले. सम्राट आनंदला. त्या आकृतींना हानिवा हे नाव पडले. नोमी नो सुकुनेला 'हाजी' ही पदवी मिळाली आणि राजघराण्यातील अंत्यविधींची जबाबदारी त्याच्या वंशाकडे आली.

ग्रंथातील पारंपरिक कालगणना धरली तर हे सारे प्रभू येशूच्या जन्माच्या आसपास घडते. इतिहासकार ही कालगणना मानत नाहीत, म्हणून त्यावर आम्हीही काही उभारत नाही.

आता प्रत्यक्ष वस्तूंकडे वळू. जपानात तिसऱ्या शतकापासून सातव्या शतकापर्यंत मोठमोठे मातीचे ढिगारे रचून त्यांत राजांना व सरदारांना पुरत. या ढिगाऱ्यांना 'कोफुन' म्हणतात. त्यांतले सर्वांत मोठे वरून पाहिले तर कुलपाच्या किल्लीच्या छिद्रासारखे दिसतात, एका बाजूने गोल आणि दुसऱ्या बाजूने पसरट. ओसाकाजवळच्या साकाई शहरातला 'दाइसेन' कोफुन जवळजवळ अर्धा किलोमीटर लांब आहे. त्याच्याभोवती तीन खंदक आहेत आणि त्यावर कधीकाळी तीस हजारांच्या आसपास हानिवा असाव्यात असा अंदाज आहे. २०१९ मध्ये या परिसरातील कोफुनांना युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

'हानि' म्हणजे चिकणमाती आणि 'वा' म्हणजे कडे किंवा वर्तुळ. बहुतेक हानिवा साध्या नळकांड्याच असतात. मातीच्या वळ्या एकावर एक रचायच्या, लाकडी पट्टीने बाहेरून खरवडून सारख्या करायच्या, बाजूला भोके ठेवायची आणि भाजायचे. खानापूरच्या कुंभारांची तांबडी माती ज्यांनी हातात घेतली आहे त्यांना हा रंग आणि हा खरखरीतपणा ओळखीचा वाटेल. चकाकी नाही, झिलई नाही. खालचा नळीसारखा भाग जमिनीत रोवायचा म्हणजे आकृती वाऱ्यापावसात उभी राहते.

माणसांच्या आकृतींत आम्हाला सर्वांत जास्त काही अस्वस्थ करत असेल तर ते त्यांचे डोळे. ते रंगवलेले नाहीत, कोरलेलेही नाहीत. ओल्या मातीत चाकूने दोन छिद्रे पाडली आहेत, तोंडासाठी तिसरे. आतून आकृती पोकळ, त्यामुळे डोळ्यांमागे नुसता अंधार. तरी या तीन छिद्रांतून कुंभारांनी काय काय दाखवले आहे! गुन्मा प्रांतातील ओता येथे सापडलेला चिलखतधारी योद्धा आज टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उंची एकशेतीस सेंटीमीटर, कमरेला तलवार, हातात धनुष्य, पाठीवर भाता, चिलखताच्या प्रत्येक गाठीसकट घडवलेला. १९७४ साली त्याला राष्ट्रीय ठेवा म्हणून घोषित केले. सैतामा प्रांतात सापडलेली, एक हात वर केलेली दोन माणसे 'नाचणारी माणसे' म्हणून जगभर माहीत झाली. अलीकडे काही अभ्यासक म्हणतात की ती नाचत नसून घोड्याचा लगाम धरून चालली असावीत. इबाराकी प्रांतातील एक स्त्री बाळाला छातीशी धरून दूध पाजते आहे. आणि गुन्मातलाच एक पुरुष गुडघे टेकून, दोन्ही हात जमिनीवर ठेवून वर पाहतो आहे.

मिये प्रांतातील मात्सुसाका येथे मातीचे एक मोठे गलबत सापडले, जवळजवळ दीड मीटर लांबीचे. त्यावर तलवार, राजदंड आणि छत्र उभे केले आहे. आत्मा पाण्यावरून पलीकडे जातो अशी त्यांची समजूत असावी, असे अनेकांना वाटते. पाणपक्ष्यांच्या आकृतीही पुष्कळ सापडतात. जपानी पुराणकथेत वीर यामातो ताकेरू मेल्यावर पांढरा पक्षी होऊन कबरीतून उडून जातो. घरांच्या आकृती ढिगाऱ्याच्या माथ्यावर, थेट मृताच्या वर ठेवत, जणू त्याचे राहते घर. ढाली आणि भाते कडेला, वाईट शक्ती आत येऊ नयेत म्हणून. कबर म्हणजे केवळ देह झाकण्याची जागा नव्हे, तेथे कुणीतरी अजून आहे, ही जाण या मातीत ठायी ठायी दिसते. ज्या लोकांना प्रकटीकरण लाभले नव्हते त्यांच्याही मनात परमेश्वराने अनंतकाळाची ओढ ठेवली होती, असे आम्ही यावरून समजतो. उपदेशक ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात असाच विचार आला आहे.

मग नोमी नो सुकुनेची गोष्ट खरी का?

पुरातत्त्वज्ञ म्हणतात, जशी सांगितली तशी नाही. सर्वांत जुन्या हानिवा माणसांच्या नाहीतच. त्यांचा उगम किबी प्रदेशात, म्हणजे आजच्या ओकायामाकडे, कबरीवर नैवेद्याचे रांजण ठेवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या उंच तिवईसारख्या मातीच्या बैठकींत आहे. आधी नळकांड्या आल्या, मग घरे, ढाली, छत्रे, पक्षी. माणसे आली ती पाचव्या शतकात, म्हणजे पहिल्या हानिवांनंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. शिवाय सुरुवातीच्या कोफुनांभोवती उभे पुरलेल्या सेवकांचे सांगाडे सापडलेले नाहीत. ही कथा हाजी घराण्याने आपल्या कुळाचा मान वाढवण्यासाठी सांगितली असावी, असे पुष्कळ अभ्यासकांचे मत आहे.

आम्हाला हे पटते. पण एवढ्यावर कथा निकालात निघत नाही. मालकाच्या मागोमाग मरण्याच्या चालीला जपानी भाषेत 'जुन्शी' म्हणतात, आणि ही चाल मनाची रचलेली नव्हती. चीनच्या तिसऱ्या शतकातील इतिहासात जपानच्या हिमिको राणीचा वृत्तान्त आहे. ती वारल्यावर मोठा ढिगारा रचला आणि शंभराहून अधिक दास-दासी तिच्यामागे गेल्या, असे त्यात नोंदले आहे. पुढे इसवी सन ६४६ मध्ये जपानच्या दरबाराने हुकूम काढला की मृतासाठी कुणी स्वतःला गळफास लावू नये, दुसऱ्याला मारू नये, मृताचा घोडा मारू नये. जी गोष्ट कुणी करतच नाही तिच्यावर बंदी कोण घालतो? तेव्हा आठव्या शतकात ग्रंथ लिहिणाऱ्यांना त्या रडण्याची आठवण होती, निदान तसे रडणे कसे असेल याची कल्पना होती. आपल्याच पूर्वजांची रीत वाईट होती असे त्यांनी सम्राटाच्या तोंडून वदवले. राजदरबारच्या इतिहासात असे लिहिणे सोपे नसते.

आणि ही केवळ जपानची कथा नाही. आपला विश्वासाचा पिता अब्राहाम ज्या ऊर नगरातून निघाला असे उत्पत्तीच्या अकराव्या अध्यायात सांगितले आहे, त्या ऊरचे उत्खनन लिओनार्ड वूली यांनी १९२२ ते १९३४ या काळात इराकमध्ये केले. तेथील राजकबरींतल्या एका खड्ड्यात त्यांना चौऱ्याहत्तर देह सापडले. सहा पुरुष आणि अडुसष्ट स्त्रिया, बहुतेक जणी सोन्याचांदीच्या दागिन्यांनी सजलेल्या, ओळीने निजलेल्या. जवळ वाद्येही होती. या सर्वांनी आपखुशीने विष घेऊन प्राण सोडला असावा असे वूलींना वाटले होते. पुढे अमेरिकेतील संग्रहालयात असलेल्या तेथल्या दोन कवट्यांचे सी. टी. स्कॅन केले तेव्हा त्यांवर जोरदार प्रहाराच्या खुणा दिसल्या.

ही कबर अब्राहामाच्या काळाच्याही शेकडो वर्षे आधीची. पण बड्या माणसाच्या मरणाला लहानांच्या प्राणांची किंमत द्यावी लागते, हे ज्या जगात गृहीत होते, त्या जगातून परमेश्वराने अब्राहामाला बाहेर बोलावले. मोरियाच्या डोंगरावर त्याचा उचललेला हात थांबवला आणि इसहाकाच्या जागी झुडपात अडकलेला एडका दाखवला. उत्पत्तीचा बाविसावा अध्याय वाचताना आपण बापाच्या आज्ञापालनावर थांबतो. ऊरच्या त्या खड्ड्यानंतर आमचे लक्ष थांबवलेल्या हाताकडे अधिक जाते.

माती पुढे केली की माणूस वाचतोच, असेही मात्र नाही. चीनमध्ये शीआन शहराजवळ १९७४ साली शेतकऱ्यांना विहीर खणताना पहिल्या सम्राटाची मातीची फौज सापडली, हे आपल्यापैकी अनेकांनी चित्रांत पाहिले आहे. सुमारे आठ हजार सैनिक, माणसाच्या उंचीचे, प्रत्येकाचा चेहरा निराळा. पण चिनी इतिहासकार सिमा च्येन लिहितात की त्या सम्राटाच्या ज्या स्त्रियांना मूल नव्हते त्यांनाही त्याच्याबरोबर मरायला लावले, आणि कबरीची गुपिते फुटू नयेत म्हणून कारागिरांना आत कोंडले. फौज मातीची होती, तरी माणसे मेलीच. त्याच्याही आधी कन्फ्यूशियसला कबरीत माणसासारख्या बाहुल्या ठेवण्याचीच चीड होती, असे त्याच्या परंपरेत सांगतात. माणसाची आकृती पुरायची सवय लागली तर माणूस पुरायला वेळ लागणार नाही, अशी त्याची भीती असावी. जपानी कथा सांगते की बाहुलीने माणूस वाचवला. चिनी गुरूला वाटले की बाहुलीच माणसाला खड्ड्याकडे नेईल. दोन्ही आम्ही विचारात घेतो. आकृती मातीची असो वा सोन्याची, तिच्या मागे मन कुणाचे आहे यावर सारे अवलंबून असते. प्रवाचक यिर्मया कुंभाराच्या घरी गेला तेव्हा त्यानेही चाकावर फिरणारी माती पाहिली आणि तिच्याहून अधिक कुंभाराचा हात पाहिला.

शीआनच्या फौजेत आणि हानिवांत आणखी एक फरक आहे. ती फौज जमिनीखाली होती, कुणाच्या नजरेस पडू नये अशी. हानिवा कबरीच्या आत नसत, बाहेर उघड्यावर उभ्या असत. ओसाका प्रांतातील ताकात्सुकी गावच्या इमाशिरोझुका कोफुनाच्या कडेला, खंदकांच्या मधल्या बांधावर, दोनशेहून अधिक आकृती ओळींनी मांडलेल्या सापडल्या. घरे, धर्मविधी करणाऱ्या स्त्रिया, योद्धे, कुस्तीगीर, हातावर ससाणा घेतलेले शिकारी, कोंबडे, घोडे, मधूनमधून कुंपणे आणि दारे. सहाव्या शतकातील सम्राट केइताइ याची ही कबर असे मानले जाते. आज तेथे मूळ आकृतींच्या प्रतिकृती उघड्या मैदानात उभ्या आहेत आणि मुले त्यांच्यामधून पळत असतात. मृताच्या अंत्यविधीचा तो देखावा असावा, किंवा नव्या राजाच्या राज्यारोहणाचा, किंवा मृताच्या जिवंतपणीच्या वैभवाचा. अभ्यासकांचे एकमत नाही. पण एक उघड आहे. ही मातीची माणसे मेलेल्याबरोबर आत गेलेली नाहीत. ती बाहेर, जिवंतांच्या बाजूला, उजेडात उभी आहेत.

येथे आम्हाला दुसरी एक कबर आठवते. तिच्याहीबाहेर माणसे होती.

प्रभू येशूबरोबर मरायला तयार असलेले कुणी नव्हते असे नाही. लाजरच्या घरी निघताना थोमा इतर शिष्यांना म्हणाला होता की आपणही प्रभूबरोबर मरायला जाऊ. हाच थोमा पुढे भारतात आला अशी आपली परंपरा. शेवटच्या भोजनाच्या वेळी पेत्राने आपला प्राण द्यायची तयारी दाखवली. एका अर्थाने हे दोघे धन्याच्या कबरीत उतरायला तयार झालेले सेवकच होते, आणि त्यांच्या काळच्या कुठल्याही राजाला अशा स्वामिनिष्ठेचा अभिमान वाटला असता. येशूने ती स्वीकारली नाही. गेथशेमानी बागेत शिपाई मशाली घेऊन आले तेव्हा त्याने त्यांना सांगितले की मी तुम्हाला हवा असेन तर या माझ्या माणसांना जाऊ द्या. योहानाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातले हे वाक्य उत्तम शुक्रवारच्या दीर्घ वाचनात आपल्या कानांवरून दरवर्षी जाते आणि पुढच्या गडबडीत हरवते. ऊरचा राजा, हिमिको राणी, चीनचा सम्राट यांच्यापैकी एकाचेही असे वाक्य नोंदलेले नाही. तो कबरीत एकटा गेला. त्याच्याभोवती मातीची माणसेही नव्हती. अरिमथाईकर योसेफ आणि निकदेम यांनी त्याला आत ठेवले, धोंड लोटली आणि ते घरी गेले. स्त्रिया बाहेर बसून राहिल्या. तिसऱ्या दिवशी पहाटे त्याच आल्या.

नोमी नो सुकुनेने सेवकाच्या जागी माती ठेवली. मोरियावर मुलाच्या जागी एडका आला. कालवरीवर सेवकांच्या जागी धनी स्वतः उभा राहिला. आपण त्याला राजा म्हणतो, मग राजाच्या मरणाला कुणाच्या प्राणांची किंमत द्यावी लागली, असे कुणी विचारले तर आपल्याकडे हे उत्तर आहे.

कुणी म्हणेल, मग पेत्र पुढे रोममध्ये मेलाच, आपले गोन्सालो गार्सियाही मेले. हे जुन्शी नव्हे काय? नव्हे. मेलेल्या धन्याला सोबत करायला ते गेले नाहीत. धनी जिवंत आहे एवढे म्हणणे त्यांनी सोडले नाही, म्हणून इतरांनी त्यांना मारले.

जपानमध्ये ही चाल कायद्याने संपली नाही. सामुराई सरदारांत ती पुन्हा वाढली आणि १६६३ मध्ये तोकुगावा शासनाला तिच्यावर बंदी घालावी लागली. १९१२ साली सम्राट मेइजी वारले. क्योतोच्या फुशिमी मोमोयामा येथील त्यांच्या कबरीत जुन्या कथेला स्मरून योद्ध्यांच्या नव्या हानिवा ठेवल्या. तरीही अंत्ययात्रा निघाली त्याच संध्याकाळी, १३ सप्टेंबरला, सेनापती नोगी मारेसुके यांनी आणि त्यांच्या पत्नीने घरी प्राण दिले. माती हजर असूनही माणूस गेला. जगभर त्याची चर्चा झाली, अनेकांनी कौतुकही केले.

आपण जपानकडे बोट दाखवायचे कारण नाही. आपल्या भाषेत या चालीला 'सहगमन' असा गोड शब्द आहे. माधवराव पेशवे १७७२ मध्ये थेऊरला वारले तेव्हा रमाबाई सती गेल्या आणि त्यांचे वृंदावन तेथे आहे. आमच्या सीमाभागात वीरगळांबरोबर सतीचे दगडही गावोगाव उभे आहेत, काटकोनात वळलेला हात आणि हातात बांगड्या. होयसळांच्या राज्यात राजाबरोबर मरायची शपथ घेतलेले 'गरुड' सेवक असत आणि हळेबीडच्या मंदिराजवळ कुवर लक्ष्म या गरुडाचा लेख कोरलेला खांब आहे. १८२९ मध्ये बंगालात सतीबंदीचा कायदा झाला, पुढे इतर प्रांतांतही झाला. दगड राहिले. हळूहळू त्यांची पूजा होऊ लागली.

आणि आपल्या ख्रिस्ती घरांत? आपण कुणाला जाळत नाही, पुरत नाही. तरी नवरा गेल्यावर बाईला मरेपर्यंत काळे किंवा पांढरे नेसायला लावायचे, लग्नघरात तिने पुढे यायचे नाही, मुलाच्या बोहल्याजवळही उभे राहायचे नाही, हे आपल्या कुटुंबांत अजून आहे. गोव्यातल्या आणि आमच्याकडच्या जुन्या घरांत आज्यांचे फोटो पाहा, तिशीत काळ्या कपड्यांत शिरलेल्या आणि ऐंशीव्या वर्षी त्याच कपड्यांत कबरीत गेलेल्या. वडिलांमागे आईला सांभाळायचे म्हणून जिचे लग्नच होऊ दिले नाही अशी मुलगीही प्रत्येक धर्मग्रामात एखादी असते. तिचे रडणे कित्येक दिवस नव्हे, कित्येक वर्षे चाललेले असते, आणि ते ऐकू येत नाही कारण ती रडत नाही. संत पौल विधवेने पुन्हा लग्न करायला मोकळी आहे असे करिंथकरांना स्पष्ट लिहितो. आपल्या रूढीने ते वाचलेले दिसत नाही.

हाजी घराण्याचे पुढे काय झाले तेही सांगण्यासारखे आहे. सुमारे इसवी सन ७८१ मध्ये त्या वंशातल्या लोकांनी दरबाराकडे अर्ज केला. आमच्या पूर्वजांकडे शुभ आणि अशुभ दोन्ही विधी होते, आता लोक आम्हाला फक्त मर्तिकाचे म्हणून ओळखतात, तरी आमचे आडनाव बदलून द्यावे, अशी विनंती होती. ती मान्य झाली आणि ते 'सुगावारा' झाले. जपानात आज विद्येचा देव म्हणून ज्याला पूजतात तो कवी-मंत्री सुगावारा नो मिचिझाने याच घराण्यातला. माणसे वाचवणाऱ्या पूर्वजाचे वंशज, आणि त्यांनाच त्या कामाची लाज वाटू लागली! आपल्याकडे कबर खोदणाऱ्याला मिस्सेनंतर चहाला कोण बोलावतो, हे पाहिले की आश्चर्य वाटत नाही. मृताला मूठमाती देणे हे दयेच्या कृत्यांत मोजले जाते आणि तोबिताने त्यासाठी राजाचा रोष पत्करला. हे काम करणाऱ्यांची नावे यंदाच्या दोन तारखेच्या प्रार्थनेत घ्यावीत, असे आम्ही स्वयंसेवकांनी फादरांना सुचवले आहे.

गेल्या मे महिन्यात आमच्याकडे एक लग्न झाले. नवऱ्या मुलाचे वडील चार वर्षांपूर्वी वारलेले. हळदीच्या संध्याकाळी काकूला पुढे बोलावले होते, कारण तिचा नवरा हयात. मुलगा पाटावरून उठला, आत गेला आणि आईला हाताला धरून बाहेर घेऊन आला. ती तुळशीच्या रंगाची हिरवी साडी नेसली होती, म्हणजे तिच्याही मनात काहीतरी असणार. दोघीतिघी म्हाताऱ्या बायका कुजबुजल्या. एकीने तोंड फिरवले. आईने वाटीत बोटे बुडवली आणि मुलाच्या दोन्ही गालांना हळद लावली. मग काकूने लावली, मग बाकीच्यांनी.